स्लायगोतला चार दिवसांचा आठवडा

आयर्लंडला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत सगळ्यात आधी गेली ती भिंतीवरची दिनदर्शिका. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला हे सगळं मागाहून, तिला सुरकुती पडणार नाही अशा बेताने भरलं. मुलगा फोनवर ओरडला, "आई, फोनमध्ये सगळं असतं गं!" असेल बाबा. पण फोनमधली चतुर्थी कोणी तपासली हे मला ठाऊक नाही, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली मी एकतीस वर्षं तपासली. साताऱ्यातल्या एका छापखान्यात मी प्रूफरीडर होते. तिथी, वार, नक्षत्र, सूर्योदय, कुठल्या चौकटीत लाल आकडा आणि कुठल्या चौकटीत काळा, हे सगळं माझ्या डोळ्यांखालून जायचं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकच मोठी चूक झाली. ती पुढे सांगते, सांगावीच लागणार आहे.

तर मी आयर्लंडच्या वायव्येला, स्लायगो नावाच्या गावी पोचले. माझा मुलगा अमेय तिथे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून सई घरून काम करते, आणि नात रेवा सात वर्षांची. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते आयरिश इंग्रजीत. "रेवा, जेवलीस का?" म्हटलं की "आय'म ग्रँड, आजी." तिथे सगळंच ग्रँड असतं. पाऊस पडला तरी ग्रँड, बस चुकली तरी ग्रँड. भांड्यांच्या कपाटाला हे लोक प्रेस म्हणतात. पहिल्या दिवशी सई म्हणाली, "आई, साखर प्रेसमध्ये आहे," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे छापखान्यातल्या शाईच्या डब्याशेजारी साखर उभी राहिली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बेन बल्बेनचा डोंगर दिसतो. वरून सपाट, बाजूंनी घड्या घातलेला. पाचगणीचं टेबललँड पाहिलेल्या माणसाला त्याचं विशेष कौतुक वाटू नये, असं मी ठरवलं होतं. पण दर तासाला त्याचा रंग बदलतो आणि मग भाजी चिरता चिरता सुरी थांबते. त्या खिडकीशेजारी मी दिनदर्शिका टांगली. तिला बघून घरात आल्यासारखं वाटलं.

शनिवारचा बाजार

पोचल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही शेतकऱ्यांच्या बाजारात गेलो. बाजार म्हणजे किती? पंधरा-वीस तंबू. आमच्याकडच्या बाजारात कोथिंबीर विकायला याहून जास्त बायका बसतात. ओरडाआरडा नाही, घासाघीस नाही. भाजीवाल्या बाईने मला हवापाण्याबद्दल तीन वाक्यं ऐकवली आणि मगच कोबी दिला.

तिथे आमचे शेजारी भेटले. पलीकडच्या घरात न्गोझी राहते, मोठ्या इस्पितळात नर्स आहे. नायजेरियातली, इग्बो लोकांपैकी. तिचे वडील तिच्याकडे उपचारांसाठी येऊन राहिले होते. ऐंशीच्या पुढचे, उंच, लाल लोकरी टोपी, हातात काठी, पण काठी टेकवायला कमी आणि बोलताना दाखवायला जास्त. त्यांना सगळे पापा म्हणत, म्हणून मीही पापाच म्हणू लागले.

"आज बाजार बरोबर दिवशी भरलाय," पापा मला म्हणाले.

"दर शनिवारी भरतो," मी म्हटलं.

"दर शनिवारी भरतो, पण बरोबर दिवशी नाही. आज आफो आहे. माझ्या गावचा बाजार आफोला. शनिवार आणि आफो एकत्र येतात तेव्हाच मी इथे येतो. इतर शनिवारी ही नुसती गर्दी."

आता कॅलेंडरवाल्या बाईसमोर असं काही बोलावं का कोणी! कोबी रेवाच्या हातात दिला आणि त्यांना तिथल्या बाकावर बसवलं. त्यांनी काठीने जमिनीवर चार रेघा ओढल्या. एके, ओरिए, आफो, न्क्वो. झाला आठवडा! चारच दिवस, चार बाजारांचे. असे सात आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवसांचा महिना, असे तेरा महिने, आणि वर्ष पुरं करायला वरती एक दिवस. चाराचे दोन आठवडे मिळून एक मोठा आठवडा, आठ दिवसांचा. मी हसायलाच लागले. आपण आठवडा म्हणतो आणि मोजतो सात, आणि ज्यांचा आठवडा खरोखर आठ दिवसांचा ते मला भेटले कुठे, तर अटलांटिकच्या काठावर.

हे चार दिवस आले कुठून? पापांच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे चार परके पाहुणे माशांच्या टोपल्या घेऊन राजाकडे आले. नावं सांगेनात. मग रात्री ते झोपल्यावर एका उंदराला पाठवलं, त्याने टोपल्या कुरतडल्या, आणि पाहुणे एकमेकांना हाका मारून उठवायला लागले. कळली नावं! "उंदराने कॅलेंडर दिलं आम्हाला," पापा म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे उंदीर कॅलेंडरच्या गठ्ठ्यांत घरटी करतात, हाच काय तो फरक.

माणसांची नावंसुद्धा वारावरून. पापांचं आडनाव ओकाफो, म्हणजे आफोला जन्मलेला. आफोला जन्मलेली मुलगी ती म्गबाफो. "आमच्या साताऱ्यात वारांच्या नावाच्या पेठा आहेत," मी अभिमानाने म्हटलं. "मी मंगळवार पेठेतली."

"म्हणजे मंगळवारी जन्मलात?"

"नाही हो, तिथे भाडं कमी होतं."

घरी आल्यावर मला राहवेना. दिनदर्शिका खाली काढली आणि त्या शनिवारच्या चौकटीत पेन्सिलीने 'आ' लिहिला. दुसऱ्या दिवशी 'न', मग 'ए', मग 'ओ'. आणि प्रूफरीडरच्या हातात पेन्सिल आली की ती थांबत नाही. तासाभरात मी सप्टेंबरअखेरपर्यंतच्या सगळ्या चौकटी भरून टाकल्या. अमेय म्हणाला, "आई, सुट्टीवर आलीयस ना?"

कुंपणापाशी

मग आमची गट्टी जमली. रोज सकाळी मी तुळशीऐवजी सुनेच्या पुदिन्याला पाणी घालायला बाहेर यायचे आणि पापा कुंपणापाशी उभे असायचे. मी ओरडायचे, "ओरिए!" ते काठी उंचावून म्हणायचे, "ओरिए!" झाली परीक्षा. त्यांनी मला नाव पाडलं, मिसेस कॅलेंडर.

त्यांची मोजायची रीत साधी. गावच्या वाटेवरचे चार खडे त्यांच्या खिशातून विमानाने आले होते. ते खिडकीत ओळीने मांडलेले. रोज सकाळी उठल्यावर त्या दिवसाचा खडा पुढे सरकवायचा, कालचा मागे. ना कागद, ना शाई. प्रूफरीडरची नोकरीच गेली की!

त्यांच्या घरचं जेवण म्हणजे माझ्यासारख्या शाकाहारी बाईची कसोटी. सगळ्या रश्शांत काहीतरी पोहून गेलेलं असतं. न्गोझीने माझ्यासाठी याम तळून दिला, सोबत तिखटजाळ चटणी. याम म्हणजे आपल्या सुरणाचा थोरला भाऊ, पण घशाला खाजत नाही. मी त्यांना सुरणाची करते तशी चिंच घालून यामची भाजी करून दिली. पापांनी दोनदा मागून घेतली आणि वर विचारलं, "हा जुना याम आहे ना?"

दुकानात याम बारा महिने मिळतो. पण नवीन पिकाचा याम सण झाल्याशिवाय पापा तोंडात घालत नाहीत. मला ते लगेच कळलं. अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आंब्याला हात न लावणारे माझे सासरे मी पाहिलेत. बाजारात पायरीचा घमघमाट, घरातली पोरं हिरमुसलेली, आणि सासरे पाटावर ताठ.

आणि मग पापांनी ती गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात या सणाचा दिवस कोण ठरवतं? पापा. त्यांच्या घराण्याकडे ते काम आहे. आयर्लंडला आल्यावरही ते सुटलेलं नाही. ऑगस्ट सरत आला की गावची वडीलधारी मंडळी भाच्याच्या फोनभोवती जमतात. भाचा आधी विचारतो, "पापा, आज बाजार कुठला?" पापा आजचा बाजार सांगतात आणि मगच सणाचा दिवस. आजचा दिवस ज्याला सांगता येत नाही त्याने पुढचा सांगू नये, असा नियम.

"आमच्या पूजेत संकल्प असतो तसाच," मी म्हटलं. "आधी आजची तिथी, वार, नक्षत्र म्हणायचं, मग काय ते मागायचं." त्यात देशही म्हणायचा असतो, आणि इथे भरतखंडाऐवजी काय म्हणायचं यावर अमेयच्या गृहप्रवेशात गुरुजी व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं अडकले होते.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं.

"एक चुलतभाऊ वीस वर्षं टपून बसलाय," पापा म्हणाले. "तो म्हणेल, म्हातारा परदेशात गेला आणि त्याचं डोकंही गेलं. मग ते काम त्याच्याकडे. माझ्या बापाकडून मला आलेली ती एकच गोष्ट आहे, मॅडम."

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

पुढच्या आफोच्या शनिवारी, म्हणजे बरोबर चार आठवड्यांनी, पापा पुन्हा आमच्याबरोबर बाजारात आले. रेवाला त्यांनी आइस्क्रीम घेऊन दिलं. परत येताना स्ट्रँडहिलच्या किनाऱ्यावर गेलो. लाटा अशा की पोहायला बंदी, आणि वारा असा की माझ्या साडीने मला सोडून निघून जायचं ठरवलं. दोन आयरिश बायकांनी धावत येऊन पदर पकडला आणि "युअर ग्रँड, युअर ग्रँड" म्हणत मला गाडीपर्यंत पोचवलं. त्यानंतर आयर्लंडमध्ये मी सलवार-कमीजच वापरला.

त्याच आठवड्यात नागपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी जाहीर केलं की आज माझा वाढदिवस.

"पासपोर्टात काय लिहिलंय?" पापांनी विचारलं.

"एक जून." माझ्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती. आई एवढंच सांगायची, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीच्या झोक्याचा दोर अजून फांदीलाच होता.

पापा खदाखदा हसले. त्यांच्या पासपोर्टात एक जानेवारी आहे. "कागदावर आपण दोघंही खोटे," ते म्हणाले. "पण मला माझा बाजार माहीत आहे. तुमचाही शोधू. तुमची खरी तारीख काढा."

मी साताऱ्याला छापखान्यात फोन लावला, जुनं पंचांग काढायला लावलं आणि माझी खरी तारीख आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहून घेतली. आता तिथपासून आजपर्यंतचे दिवस मोजायचे, चाराने भागायचं आणि उरेल त्यावरून बाजार. पापा म्हणाले, उद्या बसू.

पण उद्या बसणं झालं नाही. रात्रीतून पापांना ताप चढला, छातीत कफ झाला आणि न्गोझीने त्यांना इस्पितळात नेलं. अकरा दिवस ते तिथे होते, त्यातले चार-पाच तर त्यांना भानच नव्हतं. रोज मी पुदिन्याला पाणी घालायचे आणि कुंपणापलीकडे कोणी नसायचं. मला फार वाईट वाटायचं. महिन्याभराची ओळख, पण सकाळी वार ओरडायला माणूस नसला की दिवस सुरू झाल्यासारखा वाटेना.

चार खडे

ते घरी आले तेव्हा मी मऊ भात आणि तूप घेऊन गेले. न्गोझी कामावर निघाली होती. पापा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. खिडकी लखलखीत पुसलेली आणि रिकामी.

"खडे?" मी विचारलं.

"प्रेसमध्ये. एका कपात. तिने घर आवरलं," ते म्हणाले. "तिची चूक नाही. खडे असते तरी काय? अकरा दिवस कोणी सरकवलेच नाहीत. मला आजचा बाजार माहीत नाही, मॅडम."

"मग गावी फोन करून विचारा की! नाहीतर फोनमध्ये मिळेल."

"फोनला कोणीतरी सांगितलेलं असतं. माझ्या गावात ते सांगणारा मी. मी विचारलं तर दुपारपर्यंत चुलतभावाच्या अंगणात बातमी पोचेल." त्यांनी दाराकडे बघून घेतलं. "न्गोझीलाही सांगू नका."

मी भाताचं भांडं तिथेच ठेवलं आणि घरी धावले. माझी दिनदर्शिका! खिळ्यावरून ओरबाडून काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "हे बघा. तुम्हीच सांगितलेला आफो. तिथून पुढे सगळं लिहिलंय. आज एके!"

पापांनी त्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. देवनागरी त्यांना वाचता येत नाही, तरी फिरवलं. मग त्यांनी कोला नावाचं एक कडू फळ काढलं आणि त्यावर इग्बोत प्रार्थना म्हटली, कारण ती दुसऱ्या भाषेत म्हणायची नसते. फोडल्यावर आत चार पाकळ्या निघाल्या. "चार. चारही बाजार आहेत," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोला हिरड्यासारखा कडू लागतो. मी तो सगळा चावून खाल्ला.

त्याच दुपारी आम्ही माझा भागाकार केला. लीप वर्षं धरून, दोनदा ताळा करून. उत्तर आलं न्क्वो. पापा मला म्गबान्क्वो म्हणायला लागले. हा शब्द नीट म्हणायला मला आठ दिवस लागले, त्यांचे आठ. मी घरात अशी काही मिरवत होते की सई म्हणाली, "आई, तुम्हाला आता टोपी घ्यायला हवी लाल."

आठ आठवड्यांनी

न्गोझीने सांगितलं होतं की या शनिवारी दुपारी गावाकडून फोन येणार. सकाळी आम्ही बाजारात गेलो. मी टोमॅटो निवडत होते आणि रेवा आइस्क्रीमच्या गाडीपाशी उभी राहून इकडेतिकडे बघत होती.

"आजी, व्हेअर्स पापा? इट्स हिज सॅटर्डे."

"नाही गं, आज त्यांचा शनिवार नाही. आज न्क्वो आहे."

"बट इट इज!" तिने बोटांवर मोजून दाखवलं. "फोर अँड फोर."

चार आणि चार. पहिला शनिवार आफोचा. त्यानंतर चार आठवड्यांनी आफो, तेव्हाच तर तिला आइस्क्रीम मिळालं. आज आणखी चार आठवडे झाले. सात चोक अठ्ठावीस, अठ्ठावीस दिवसांनी तोच वार आणि तोच बाजार यायलाच हवा. आज आफोच असायला हवा. माझ्या हातातला टोमॅटो खाली पडला.

घरी येऊन मी चपलांसकट दिनदर्शिकेपुढे उभी राहिले आणि एकेक चौकट बोटाखाली घेत गेले, प्रूफ वाचायचं तसं. सापडलं. पापा इस्पितळात होते त्या दिवसांतली एक चौकट. त्या दिवशी क्षयतिथी होती. आपल्याकडे एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्ये सापडून गडप होते, आणि मग एकाच चौकटीत दोन तिथ्या छापतात. एकतीस वर्षांची सवय! दोन तिथ्या दिसल्या आणि माझ्या हाताने त्या चौकटीत दोन बाजारही घालून टाकले. 'ए' आणि 'ओ' शेजारी शेजारी, किती सुबक अक्षरात! आपली तिथी गडप होते, कधी दोनदा येते. त्यांचा बाजार कधी गडप होत नाही. पाऊस असो, लढाई असो, माणूस तापाने पडलेला असो, एकेनंतर ओरिए आणि ओरिएनंतर आफो. तिथून पुढची माझी प्रत्येक चौकट एक दिवस पुढे धावत होती. आणि पापा आज दुपारी साऱ्या गावासमोर न्क्वो म्हणणार होते.

आता ती जुनी चूक सांगते. छापखान्यात सखाराम नावाचे कंपोझिटर होते, खिळे जुळवणारे. एका वर्षी त्यांनी एक संकष्टी मंगळवारी लावली होती. मी प्रूफात खूण करून ती सोमवारी नेली. छापून घरोघर गेल्यावर कळलं की मंगळवारच खरा होता, अंगारकी होती. गावोगाव लोकांनी सोमवारी उपास सोडले आणि अंगारकी हुकली. मालकांनी विचारलं तेव्हा ते प्रूफ कुठे सापडेना. खरं तर ते माझ्या खणात होतं. मी गप्प बसले, आणि चूक सखारामांच्या नावावर गेली. सखारामांना दिनदर्शिकेवरून काढून लग्नपत्रिकांवर बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. आता ते हयात नाहीत.

मला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. फोन झाला की कळेलच, आणि आजारपणावर खापर फुटेल. हो, वाटलं असं, खोटं कशाला बोलू? मग मी दिनदर्शिका काखेत मारली आणि निघाले.

पापा ठेवणीतला अंगरखा घालून फोनपुढे बसले होते. न्गोझी शेजारी. न्गोझीच्या देखत नको म्हणून मी घुटमळले, पण वेळ नव्हता. "पापा, मी चुकले," मी म्हटलं. "आज न्क्वो नाही, आफो आहे." ती चौकट दाखवली, क्षयतिथी समजावली, आणि थांबताच येईना म्हणून अंगारकी, सखाराम, खणातलं प्रूफ, सगळं सांगून टाकलं. इतक्या वर्षांत नवऱ्यालासुद्धा जे सांगितलं नव्हतं ते स्लायगोत, मोडक्या इंग्रजीत.

न्गोझी बापाकडे बघत राहिली. "पापा, तुम्ही मोजणी विसरला होतात? मला का नाही सांगितलं?"

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर भाचा, त्याच्यामागे दहा-बारा डोकी. एक बारीक मिशीवाले गृहस्थ अगदी पुढे सरसावलेले. ते कोण हे मला कोणी सांगायला नको होतं. भाच्याने विचारलं. पापांनी माझ्याकडे पाहिलं.

"आफो," ते म्हणाले.

पलीकडून सगळ्यांनी होकार भरला. मी मटकन खाली बसले. झालं होतं ना काम! पण पापा थांबलेच नाहीत. ते बोलत राहिले, सावकाश, बराच वेळ. त्या बोलण्यात मला 'इंडिया' ऐकू आलं आणि सगळी डोकी पडद्याजवळ येऊन मला शोधायला लागली. न्गोझी डोळे पुसत होती. मग पापांनी सणाचा दिवस सांगितला आणि फोन ठेवला.

"काय सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"सगळं. की मी अकरा दिवस हरवले होते. की एका परक्या बाईने तिच्या स्वयंपाकघरात माझे दिवस सांभाळले. की ती चुकली आणि सांगायला आली."

"अहो, पण कशाला? उत्तर तर बरोबर आलं होतं!"

"तुम्ही चपला न काढता माझ्या घरात येऊन स्वतःची लाज माझ्यापुढे ठेवलीत," पापा म्हणाले. "मग मी माझी झाकून कसा बसू?"

"आणि चुलतभाऊ?"

न्गोझी हसली. "काका म्हणाले, पुढच्या वेळी विसरलात तर मला विचारा, मी कोणाला सांगणार नाही. हे त्यांनी सगळ्या गावासमोर सांगितलं."

काम पापांकडेच राहिलं. आणि मी दाराकडे वळले तेव्हा त्यांनी काठी उंचावली. "थांबा. मोजणी चुकली होती तर तुमचा भागाकारही चुकला. एक दिवस मागे या." मी मनात एक मागे गेले. न्क्वोच्या आधी आफो. मी आफोची. त्यांच्याच दिवसाची.

"म्गबाफो," पापा म्हणाले. आणि मी, साताऱ्यातल्या मंगळवार पेठेतली बाई, स्लायगोत एका परक्या घरात ओक्साबोक्शी रडले.

सातारा

परत येऊन महिना झाला. सणाच्या दिवशी न्गोझीने पाठवलेला फोटो आला, पापा नव्या यामचा पहिला तुकडा हातात धरून. दिनदर्शिका आता पुन्हा माझ्या भिंतीवर आहे. पुढच्या चौकटी मी खोडून टाकल्या. आता रोज सकाळी एकच अक्षर लिहिते, त्या दिवसाचं, आणि पेन्सिल ठेवून देते.

आज सकाळी 'आ' लिहिला आणि चपला घातल्या. सखारामांचं घर शनिवार पेठेत आहे, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तीस-पस्तीस वर्षांत मी त्या गल्लीतून गेले नव्हते. त्यांच्या बायकोने दार उघडलं. खूप थकल्या आहेत, पण ओळखलं. मी उंबऱ्यातच उभी राहून सांगितलं, खणातल्या प्रूफासकट.

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "आम्ही त्या वर्षी मंगळवारीच धरली होती अंगारकी. त्यांना ठाऊक होतं ना. मी म्हणायचे, सांगा मालकांना. तर म्हणायचे, बाई येतील आपणहून." आणि दार पुरतं उघडून म्हणाल्या, "वाट बघितली हो त्यांनी. या आत. चहा टाकते."

संध्याकाळी मी स्लायगोला फोन लावला. पापांनी उचलला आणि भाचा विचारतो तसं विचारलं, "आज बाजार कुठला, म्गबाफो?"

"आफो," मी म्हटलं, आणि पुढचं सांगायला लागले.